कपाटाची किल्ली

तुमच्या शाळेत ग्रंथालय आहे ना? मग सांगा बघू, तिथल्या कपाटाला कुलूप असतं का? आणि किल्ली कोणाकडे असते?

आमच्या शाळेत ती माझ्याकडे असते. मी ग्रंथपाल. मुलं 'लायब्ररीच्या बाई' म्हणतात. आज तुम्हांला एक कबुली द्यायची आहे. तुमच्या आईबाबांनीही ती वाचली तर बरंच.

मी नोकरीला लागले तेव्हा नव्या पुस्तकांसाठी वर्षाला १२ हजार रुपये मिळत. मग ८ हजार झाले, मग ५. एका वर्षी तर छप्पर गळू लागलं आणि सगळेच पैसे पत्र्यांवर गेले. रागावणार तरी कोणावर? ओल्या वर्गात मुलं बसणार कशी? २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली. तिच्यात सरकारी शाळांच्या ग्रंथालयांना वर्षाला ५ ते २० हजार रुपयांची तरतूद होती. पण आमची शाळा पडली खासगी संस्थेची, तेव्हा आमची मदार संस्थेवरच.

आता हिशेब करा. रंगीत चित्रांचं पातळ पुस्तक साठ-सत्तर रुपयांना, जाडजूड कादंबरी अडीचशे-तीनशेला. ५ हजारांत येतात साधारण ३० पुस्तकं. शाळेत मुलं ६००. म्हणजे वीस जणांत एक नवं पुस्तक!

पैसे आटले की माणूस काय करतो? असलेलं जपतो. मीही तेच केलं. चांगली, महागाची २१२ पुस्तकं काचेच्या लाकडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ती इथंच बसून वाचायची, माझ्यासमोर. घरी न्यायला मिळायची ती फाटकीतुटकी. पुस्तक हरवलं तर दुसरं आणायचं कुठून, ही धास्ती मनात सारखी असायची.

सातवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत यायची. तिला आकाशदर्शनाचं पुस्तक हवं होतं, प्रत्येक ऋतूतल्या आकाशाचे नकाशे असलेलं.

"इथं बसून बघ की," मी म्हटलं.

"बाई, नकाशा घेऊन रात्री अंगणात जायचं असतं. शाळेत रात्र कुठं असते?"

बोलणं बिनतोड होतं. तरी मी नाही म्हटलं. हे फेब्रुवारी २०२० मधलं.

पुढं काय झालं ते तुमच्यातल्या मोठ्या मुलांना आठवत असेल. मार्चमध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या. आमच्याकडे वर्ग पुन्हा भरले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. मी कपाट उघडलं. पाठीमागच्या ओल्या भिंतीतून मातीची रेघ वर चढलेली. वाळवी! पुस्तकं रांगेत उभी होती खरी, पण हात लावला की आतून भुगा पडायचा. २१२ पैकी १३० गेली. मी डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. वाळवी त्यांना कसली भीक घालते!

आणि ती फाटकी? शाळा बंद झाली तेव्हा ४३ पुस्तकं मुलांच्या घरी होती. त्यांतली ४१ परत आली. एकाला चुलीच्या धुराचा वास होता, एकावर चहाचे डाग. एकाची सुटलेली पानं कुणाच्या तरी आजीनं गोधडीचे टाके घालून शिवली होती.

मला आठवला तो आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पूर्वी युरोपात पुस्तकं चक्क साखळीनं फळीला बांधत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या चर्चमध्ये तसलं ग्रंथालय अजून आहे. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते, बरं का!

ती मुलगी आता नववीत होती. ती आली, तेव्हा मी न बोलता पुस्तक पुढं केलं. तिनं सावकाश पानं उलटली. उन्हाळ्याचं आकाश खाल्लेलं, पावसाळ्याचंही.

"थंडीचं आहे की, बाई," ती म्हणाली. "मृग नक्षत्र आहे. उरलेलं घरी नेऊ?"

मी दाखल नोंदवहीत काही लिहिलंसुद्धा नाही. दिलं.

त्यानंतर आम्ही पेट्या केल्या. ही युक्ती काही माझी नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण वाचायला शिकलेल्यांना पुस्तकंच मिळाली नाहीत तर ते वाचायचं विसरतील, हे त्यांनी ओळखलं. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव निघाली. आमच्या पेट्या फळवाल्याकडच्या. एका पेटीत २५ पुस्तकं, प्रत्येक वर्गाला एक. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पेट्या बदलतात. नोंदवही मुलंच ठेवतात. शिवाय शेजारच्या गावच्या शाळेशी ५० पुस्तकांची सहा महिन्यांसाठी अदलाबदल करतो. पैसा लागत नाही, आणि मुलांना ती नवीच!

शनिवारी दुरुस्ती. सेलोटेप मात्र कधी लावू नका हं, तो पिवळा पडतो आणि कागदही खातो. आम्ही मैद्याची खळ शिजवतो. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं की किडे लागत नाहीत. पण ते विषारी, म्हणून ते काम माझं. पाठीला जुन्या साडीची पट्टी.

पुस्तकं द्या, असं आवाहनही केलं होतं. चार पोती आली! त्यांत जुनी गाईडं, गेल्या सालची पंचांगं आणि एक टेलिफोन डिरेक्टरी. आईबाबांनो, रद्दी रद्दीवाल्यालाच द्या. आम्हांला तुमच्या मुलानं दोनदा वाचलेलं एकच पुस्तक द्या. आणि पालकसभेत सहलीबद्दल, गणवेशाबद्दल विचारता ना, तसं "यंदा पुस्तकांना किती ठेवलेत?" एवढंही विचारा. आमच्याकडे एका आजोबांनी उभं राहून विचारलं. पुढच्या वर्षी ५ चे ७ हजार झाले. पेट्यांनी पैशाची गरज भागत नाही. फाटलेलं शिवता येतं, पण वाळवीनं खाल्लेलं परत आणावंच लागतं.

गेल्या शुक्रवारी सहावी 'ब' ची पेटी मोजली, तर दोन पुस्तकं कमी भरली. ती कोणाकडे आहेत ते मला ठाऊक आहे. अजून मागितलेली नाहीत.