सातवे पान

यंदा वार्षिकाचे संकेतस्थळही सिद्ध करावे, असे आम्ही दहावीच्या मुलांनी ठरविले व त्यासाठी ‘ग्रॅव्ह’ ही प्रणाली निवडली. तिला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पानाला एक फोल्डर आणि त्यात साध्या मजकुराची एक फाइल, इतकाच तिचा संसार! फाइलीच्या नावावरून पानाचा साचा ठरतो. फोल्डरच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घातले की त्याच क्रमाने पाने मेनूत उभी राहतात.

या क्रमावरून आमचे दोन दिवस भांडण चालले होते. त्या गडबडीत पाचवीतील एका मुलीच्या लेखाच्या फोल्डरचा आकडा आमच्याच हातून पुसला गेला. लेख तिच्या दिवंगत आजोबांवर होता, आणि तिकडे बेळगावला तिची आजी तो वाचण्यासाठी खोळंबली होती. मेनूत लेख दिसेना. ती पोर बाकावर डोके टेकून रडू लागली. आमची मान वर होईना.

“फोल्डर उघडून पाहिलात का?” गुरुजी एवढेच म्हणाले.

फाइल जागच्या जागी होती! आकडा गेला की पान मेनूतून गळते, नष्ट होत नाही. त्याचा पत्ताही तोच राहतो. आम्ही ०७ हा आकडा पुन्हा घातला आणि तिला हाक मारली.

डोळे पुसत ती म्हणाली, “पण दादा, माझे आजोबा सातवे का?”