हसायचं नाही, मावशी

दिवाळी अंकाची पानं मी झोपेतही लावू शकते. मुखपृष्ठावर बाई, मग रंगीत जाहिराती, संपादकीय, अनुक्रमणिका, कथा, लेख, चौकटीतल्या कविता, जागा उरेल तिथे व्यंगचित्र आणि शेवटी राशिभविष्य. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून या मामल्यात पुष्कळ बदल झाले असतील. पण कुठल्या सुमाराला काय येणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. पुण्यात डीटीपी करणाऱ्या माझ्यासारखीचं पोट त्या ठाऊक असण्यावरच चालतं.

अशा बाईकडे भाचा आणि त्याचे मित्र संगीताचं मासिक घेऊन आले. अल्टरनेटिव्ह म्युझिकचं, आणि तेही मराठीत. म्हणजे काय, ते मला हळूहळू समजत गेलं. सिनेमातलं नाही, भावगीत नाही, शास्त्रीय तर नाहीच. गिटारवाले मराठी बँड, रॅप, लॅपटॉपवर एकट्याने केलेलं संगीत, आणि लोकल गाड्यांचे नुसते आवाज रेकॉर्ड करणारा एक मुलगा. "एका जॉनरचं नाहीये ते," भाचा म्हणाला. माझा कान सुधीर फडक्यांपाशी थांबलेला. तरी मी ऐकलं. काही आवडलं, काहींनी डोकं उठवलं. पण माझ्यापुढचा प्रश्न कानाचा नव्हताच. जे एका जातीचं नाही, त्याची पानं एका अंकाची कशी दिसायची?

यावर मुलांकडे उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर म्हणजे परदेशी मासिकांच्या पानांचा गठ्ठा. लंडनचा 'एनएमई', १९५२ पासूनचा, छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये बंद झालेला. 'रोलिंग स्टोन', १९६७ चा. 'केरँग!', ज्याच्या नावाची अक्षरंच तडकलेली आहेत. आणि १९७६ चं 'स्निफिन ग्लू', मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने काढलेलं. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड स्केचपेनने, छपाई झेरॉक्सवर. हे शेवटचं पाहून मी मनात म्हटलं, असं काम माझ्या हाताखालच्या मुलीने केलं असतं तर मी परत करायला लावलं असतं. मुलं मात्र त्या पानाकडे देवघरातल्या तसबिरीकडे बघावं तशी बघत होती.

गठ्ठा चाळता चाळता माझ्या धंद्याच्या डोळ्याला एक गोष्ट खटकली. ही सगळी बंडखोर मंडळी, पण पानं मात्र एकमेकांसारखी. काळा, लाल, मळकट पांढरा; फाटलेल्या कागदाच्या कडा; टाइपरायटरचा टाइप; तिरपा मथळा; आणि फोटोत चारजण भिंतीपुढे उभे, तोंडं पाडून, चौघांची नजर चार दिशांना. राशिभविष्य तेवढं नव्हतं.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा थोडी शांतता झाली. मग एकजण म्हणाला, "मावशी, ते कन्व्हेन्शन आहे. वाचणाऱ्याला लांबून कळायला हवं ना, हे आपलं आहे म्हणून." हे मला एकदम पटलं. म्हणजे नियम नाहीत असं नाही, नियम दुसरे आहेत. मग ते कुठून आले ते तरी सांगा, म्हणजे कुठला पाळायचा आणि कुठला मोडायचा ते ठरवता येईल. तर ते कुणालाच सांगता येईना.

मग मीच एकेक उलगडायला बसले. मासिकाचं नाव वरच्या डाव्या कोपऱ्यात का? कारण दुकानातल्या मांडणीत अंक एकमेकांवर अर्धे झाकून ठेवतात आणि तेवढीच पट्टी दिसते. फुटपाथवरच्या ठेल्यावरही तेच चालतं. पण हा अंक ठेल्यावर जाणारच नाही. तो कार्यक्रमाच्या दारात टेबलावर सुटा ठेवणार. मग नाव खाली घ्या, आडवं घ्या, उभं घ्या, कुणाचं काय जातंय? याउलट मुलांना एक गोष्ट जिवापाड हवी होती: गायकाचं डोकं मासिकाच्या नावावर चढलेलं. 'रोलिंग स्टोन'चं नाव झाकलं तरी चालतं, कारण दोन अक्षरं दिसली तरी माणूस ओळखतो. ज्याचं नाव अजून शेजाऱ्यालाही माहीत नाही, त्या मासिकाने आपलं नाव गायकाच्या केसांखाली कशाला दडवायचं? इथे मी हटून बसले आणि जिंकले.

फोटोच्या दिवशी मात्र हरले. जुन्या वाड्याची पडकी भिंत शोधली होती. चारही पोरं एरवी इतकी खिदळणारी, की शेजारचे तक्रार करतात. कॅमेरा समोर आला आणि चौघांचे चेहरे नळाला पाणी न आल्यासारखे झाले. मी म्हटलं, "अरे, हसा की जरा." भाचा ओठ न हलवता म्हणाला, "हसायचं नाही, मावशी." मग भिंतीवरून मांजर गेलं, ड्रमवाला फिस्सकन हसला, आणि तोच फोटो सगळ्यांत चांगला आला. तो अंकात घेतलेला नाही. माझं आजही म्हणणं आहे, तो छापायला हवा.

खरी मजा आली ती मासिकाच्या नावाची अक्षरं करताना. १९७७ मध्ये जेमी रीडने सेक्स पिस्टल्स या बँडसाठी वर्तमानपत्रातून कापल्यासारख्या अक्षरांचा जो नमुना पाडला, तसंच मुलांना देवनागरीत हवं होतं. रद्दी आली, कात्र्या आल्या, फेव्हिकॉल आला. (नाव इथे सांगत नाही, हे छापून येईपर्यंत ते बदललेलं असेल.) रोमन अक्षर सुटं असतं, कुठूनही कापा, शेजारी आणून चिकटवा. आपलं अक्षर तसं सुटत नाही. मथळ्यातून कापलेली ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे उभी राहते आणि तिची कमान उजवीकडे शेजाऱ्याच्या डोक्यावरून जाते. शेजारी छोट्या जाहिरातीतला असला, की कमान नुसतीच हवेत. जोडाक्षर तयार मिळालं तर मिळालं, नाहीतर अर्धा 'ल' शोधत रद्दी उपसा. आणि शिरोरेषा! प्रत्येक तुकड्याची वेगळ्या उंचीवर. जुळवावी तर सगळं नीटनेटकं दिसतं आणि बंड संपतं. न जुळवावी तर शब्दच तुटतो. त्यात देवनागरीला मोठी लिपी नाही. 'एनएमई'ची ती तीन ठसठशीत कॅपिटल अक्षरं इथे आणायची कुठून? जोर दाखवायचा तर जाडी आणि आकार, एवढीच हत्यारं आपल्याकडे.

शेवटी एका मुलीने कात्रीने शिरोरेषाच छाटली. सगळ्या अक्षरांची. आणि गंमत अशी, की शब्द वाचता आला, कारण घाईने लिहिताना आपण रेघ कुठे देतो? फक्त मी तिला सांगितलं, नावात 'घ' किंवा 'भ' येऊ देऊ नकोस. रेघ गेली की 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' व्हायला वेळ लागत नाही. ते बोडकं नाव मला फार आवडलं. ते लंडनहून आलेलं नव्हतं.

कागदावरून पुन्हा जुंपली. मुलांना झेरॉक्सचा मळकटपणा हवा होता, पण गुळगुळीत आर्ट पेपरवर, चार रंगांत. म्हणजे काँप्युटरवर खोटे ओरखडे काढायचे, खोटी शाई फासायची आणि त्यासाठी चौपट पैसे मोजायचे. पेरीने झेरॉक्स केलं ते परवडत होतं म्हणून. आपल्याकडे १९५४ मध्ये 'शब्द' हे अनियतकालिक निघालं तेही सायक्लोस्टाइलवर. त्यातले अरुण कोलटकर पुढे जाहिरातीत नावाजलेले कलादिग्दर्शक झाले. चकचकीत पान त्यांना जमत नव्हतं असं कोण म्हणेल? आणि अमित सैगल यांनी १९९३ मध्ये 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं ते मुंबईतून नव्हे, अलाहाबादहून. मळकटपणा परिस्थितीतून आला तर त्याला तेज असतं. विकत आणला तर तो नुसता मेकअप. हे मी जरा जोरात बोलले असावे, कारण दुसऱ्या दिवशी मुलं साधा मॅपलिथो कागद, एक रंग आणि बत्तीस पानं घेऊन आली. मध्ये पिन मारायची तर पानं चारच्या पटीतच हवीत, हेही तेव्हाच कळलं त्यांना. तीस पानांचा हट्ट तिथेच मिटला.

आता एकच भांडण शिल्लक आहे, आणि त्याचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. तिथे १९९२ मध्ये 'रे गन' नावाचं मासिक सुरू झालं. त्याची मांडणी करणारा डेव्हिड कार्सन. त्याला गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली, म्हणून त्याने ती अख्खी मुलाखत झाप्फ डिंगबॅट्समध्ये लावली. म्हणजे अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या, चौकोन, बाण. मुलांनी हा किस्सा मला इतक्यांदा ऐकवला, की मीच शोधाशोध केली. तेव्हा कळलं, की त्याच अंकात मागे ती मुलाखत वाचता येईल अशा टाइपात पुन्हा छापली होती. जगातल्या सगळ्यांत उद्धट मांडणीवाल्याच्या अंकातही वाचकाची सोय केलेली होती! कार्सनबद्दल माझं मत त्या एका गोष्टीने सुधारलं.

आमच्याही अंकात एक मुलाखत आहे. चार पानांची, आणि कार्सनने ती दोनदा डिंगबॅट्समध्ये लावली असती अशी. मुलांना तिच्या चांदण्या करायच्या आहेत. माझी ना नाही. पण मग मागे ती नीट छापा, म्हणजे चार पानं वाढली, बत्तीसची छत्तीस झाली. त्या चार पानांचा कागद कोणाच्या खिशातून येणार, यावर सध्या बैठक अडली आहे. आणि मुलाखत ज्याने घेतली, तो गेले दोन दिवस माझा फोन उचलत नाही.