उंदराचं लंगडणं

उंदराला दुखतंय का, हे विचारता येत नाही. म्हणून त्याच्या चालीला गुण देतात. गुडघ्यात जिवाणूंच्या आवरणाचे कण टोचून सूज आणायची, औषध द्यायचं, काही दिवसांनी तीच सूज पुन्हा उसळवायची. औषध सांध्यात अजून शिल्लक असेल तर उंदीर कमी लंगडतो. शेवटी त्याला मारून सांध्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. वाचताना बरं वाटत नाही, पण गुडघ्यातल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांचा रस्ता इथूनच गेला.

अम्मीच्या उजव्या गुडघ्यात साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन तीनदा झालं. दर वेळी पाच-सहा आठवडे ती जिना चढली, मग पुन्हा नमाज खुर्चीवर. शिवाय तिला मधुमेह, त्यामुळे प्रत्येक इंजेक्शननंतर साखर चढलेली. कारण सरळ आहे: औषध सांध्यात थांबत नाही, झिरपून रक्तात जातं. तिथेच धरून ठेवता आलं तर?

तेच केलं गेलं. ट्रायमसिनोलोन हे जुनंच औषध पीएलजीएच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरलं. विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्याच जातीचा हा. गोळ्या सांध्यात हळूहळू विरतात, औषध थोडं थोडं सुटतं. 'झिलरेटा' नावाने ते ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मधुमेहींमध्ये तपासलं तेव्हा साध्या इंजेक्शनपेक्षा साखर कमी चढली.

हे वाचून मी हुरळले होते. पण उंदराची सूज मुद्दाम आणलेली, काही आठवड्यांची. अम्मीचा गुडघा चाळीस वर्षं पाण्याच्या कळशा वाहून झिजलेला. त्याच 2017 साली अमेरिकेतल्या 140 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी साधं ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं सलाइन, दोन वर्षं. दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. कूर्चा मात्र औषधवाल्यांची जास्त झिजली. हे उंदराच्या चालीतून कळलं नसतं. झिलरेटालाही मंजुरी मिळाली ती एकाच इंजेक्शनपुरती, वारंवार देण्यासाठी नाही.

अम्मीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "उंदीर किती दिवस जगतो गं?"

म्हटलं, दोन-तीन वर्षं.

"मग त्याला काय," ती म्हणाली. चौथं इंजेक्शन तूर्त लांबलंय. मांडीचे व्यायाम चालू आहेत, कुरकुरत का होईना.