मालन उर्फ सुमित्रा

माझ्या आईला दोन नावं आहेत, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्यातलं खरं कुठलं, असा प्रश्न तिला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कुणी विचारील असं कधी वाटलं नव्हतं. तो सरकारने विचारला, आणि उत्तर पटेपर्यंत सात महिने गेले.

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९६८ साली नोकरीला लागले आणि ३१ मे २००४ रोजी निवृत्त झाले. त्यांची जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते तशी, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. तेव्हा कर्नाटकात निवृत्तीचं वय ५८ होतं, ते ६० झालं २००८ साली. "मास्तरांनी चार वर्षं पुढची तारीख घातली असती तर काय बिघडलं असतं?" असं आप्पा हसत हसत म्हणायचे.

त्यांची पेन्शन सुरू व्हायलाही त्या वेळी नऊ महिने लागले होते. ते दिवस मला आठवतात. पोस्टमनची सायकल दारावरून पुढे गेली की आप्पा काही न बोलता आत येत आणि पुन्हा पेपर उघडून बसत. तो सकाळीच वाचून झालेला असायचा. पुढे मात्र सतरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, धुतलेला सदरा आणि टोपी घालून ते बँकेत जात. लग्नाला निघाल्यासारखे.

ऑगस्ट २०२१ मध्ये आप्पा गेले. त्या महिन्याची पेन्शन खात्यात पूर्ण जमा झाली होती, ती मृत्यूच्या तारखेपुरती ठेवून उरलेली बँकेने नंतर वळती करून घेतली. नियमाने ते बरोबरच आहे. यानंतर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. पेन्शनच्या हुकमात, म्हणजे पीपीओमध्ये, तिचं नाव असेल तर काम सोपं असतं. मृत्यूचा दाखला, अर्ज, ओळखीची कागदपत्रं द्यायची, की झालं. आमच्या पीपीओत नाव होतं. फक्त ते आईचं नव्हतं. म्हणजे होतं, पण नव्हतं.

आईचं माहेरचं नाव मालन. १९७१ साली तिचं लग्न झालं ते सख्ख्या आत्याच्या मुलाशी. आपल्या भागात हे नवं नाही. रीतीप्रमाणे आप्पांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, सुमित्रा. पण सासू म्हणजे आत्याच. जन्मल्यापासून मालन म्हटलेल्या भाचीला ती सुमित्रा कशी म्हणेल? सासू म्हणाली नाही, म्हणून गावही म्हणालं नाही. आप्पा तर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे 'अगं' याच्या पुढे कधी गेलेच नाहीत. मतदार यादीवाले दारात आले तेव्हा आजीनं सांगितलं, मालन. त्यावरून रेशनकार्ड झालं, रेशनकार्डावरून पुढे आधार. इकडे आप्पांनी मात्र सेवापुस्तकात, विम्यात, पेन्शनच्या कागदात अगदी नेमानं लिहिलं, सुमित्रा. तोंडानं कधी न घेतलेलं नाव त्यांनी आयुष्यभर कागदावर मात्र जपलं होतं.

बँकेनं कागद परत केले. मग ते ट्रेझरीत गेले, तिथून शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात, कारण दुरुस्तीचा प्रस्ताव त्यांनी बेंगळुरूला महालेखापालांकडे पाठवायचा असतो. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. कुणावर राग नाही, आणि ज्यांनी खेटे घातलेत त्यांना सांगायची गरजही नाही. दर वेळी एकच उत्तर मिळे, "नाळे बर्री." पूर्वी दारावर 'नाळे बा' असं लिहून ठेवत. भूत रात्री यायचं, वाचायचं आणि उद्या यावं म्हणून परत जायचं. त्या भुताच्या जिवाला काय वाटत असेल, ते मला त्या बाकावर बसून कळलं.

आई बरोबर असायची. तिला कन्नड वाचता येत नाही, पण आयुष्य इथं गेल्यानं कानाला सगळं कळतं. एकदा ती म्हणाली, "आपलेच शब्द की गे सगळे." खरंच होतं ते. अर्जी, दाखले, सही, खजाने, जमा, वारसुदार. आपल्याकडे अर्ज, दाखला, सही, खजिना, जमा, वारसदार. जुन्या राजवटींच्या दफ्तरांतून ते दोन्ही भाषांत आले आणि दोन्हीकडे मुरले. मी वर्गात हे शिकवते. त्या दिवशी आईनं मला शिकवलं. भाषा दोन असल्या तरी खेटे सारखेच असतात.

या काळात आई गावातल्या घरी एकटीच राहत होती. माझा भाऊ पुण्याला असतो. तो दरमहा पैसे पाठवू म्हणत होता, मीही देत होते. "असू दे गे, तेंचं येतंय की आता," एवढंच ती म्हणायची. तेंचं म्हणजे आप्पांचं. जानेवारीत मी गावी गेले आणि सहज तिच्या औषधांचा डबा उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांची डिसेंबरात संपायला हवी होती ती पट्टी अजून अर्धी शिल्लक होती. विचारलं तर आधी काही बोलेना. मग म्हणाली, "दिवसाआड घेतली तर काय हुतंय? पेन्शन सुरू झाली की घेतो की रोज." तिनं उभ्या आयुष्यात स्वतःची कमाई पाहिली नव्हती, पण नवऱ्याची पेन्शन तिला आपली वाटत होती. मुलांचे पैसे मात्र मुलांचेच. मी महिना चांगला पगार घेणारी बाई, आणि माझी आई गोळी एका दिवसाआड घेत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. मालन आणि सुमित्रा ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, असं त्यात होतं. आईनं सही केली ती मात्र एकाच नावाची, कारण दुसऱ्या नावाची सही तिनं कधी केलीच नव्हती. ते घेऊन कार्यालयात गेलो. टेबलावर या वेळी नवीन मुलगी होती, बैलहोंगलकडची. तिनं आप्पांची जुनी फाइल शोधून काढली. तीत २००४ सालचा जोडफोटो होता. पेन्शनच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. आमच्या आईवडिलांनी लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला तो एकमेव फोटो. आप्पा टोपीत, ताठ, आणि आई एक हात अंतर ठेवून बसलेली. आमच्याकडे त्याची प्रतही नव्हती.

"मास्क तेगीरी, अव्वा," मुलगी म्हणाली. आईनं मास्क खाली केला. मुलीनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि हसली. "हेसर एरडु, अव्वा ओब्बाकी." पाच महिने जे मी अर्जांतून सांगत होते, ते तिनं एका ओळीत सांगितलं. फोटोची आणि प्रतिज्ञापत्राची प्रत जोडून प्रस्ताव त्याच दिवशी निघाला.

मार्च २०२२ मध्ये पेन्शन सुरू झाली, मागच्या थकबाकीसह. आईनं आधी औषधाच्या दुकानाची, मग किराणाची बाकी चुकती केली. त्या मुलीसाठी कुंदा घेऊन गेलो, तर तिनं डबा उघडून सगळ्या टेबलांवर फिरवला आणि एक तुकडा आईच्याच हातावर ठेवला.

पेन्शन म्हणजे मेहेरबानी, असं आजही काहींना वाटतं. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठानं १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितलं की ती मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे. म्हणून तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. मला हे सांगताना थोडं हसू येतं. कर्नाटकात १ एप्रिल २००६ नंतर नोकरीला लागलेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली, आणि मी सरकारी कॉलेजात लागले २००९ साली. दरमहा पगारातून कापून गुंतवलं जातं, शेवटी किती हाती येईल ते बाजार ठरवणार. आप्पांसारखं टोपी घालून, ठरलेल्या रकमेसाठी बँकेत जाणं माझ्या नशिबात नाही.

वाचकांना मात्र एक विनंती आहे. घरात पेन्शनर असतील तर आजच पीपीओ काढून पाहा. त्यातलं जोडीदाराचं नाव आधारशी, पासबुकाशी जुळतं का? आपल्याकडे एका कागदावर आडनाव पुढे, दुसऱ्यावर इनिशियल मागे, तिसऱ्यावर 'बाई' लागलेलं. माणूस हयात असताना एका सहीनं होणारी दुरुस्ती नंतर महिनोन्‌महिने घेते. आणि हो, जोडफोटोची एक प्रत घरी ठेवा.

आता दर नोव्हेंबरात आई हयातीचा दाखला द्यायला माझ्याबरोबर बँकेत येते. पहिल्या वर्षी आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो. काउंटरवरून हाक आली, "सुमित्रा." कुणीच उठेना. पुन्हा हाक आली. मी आईला कोपरानं डिवचलं, तशी ती दचकली आणि पदर सावरत उठली. परत येताना रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पन्नास वर्षांत पयल्यांदा कुणीतरी हाक मारली बघ त्या नावानं."