टाकीवरची सोनेरी रेघ

कोल्हापूर

चि. सोन्यास,


दादांची जावा मोटरसायकल तू पुण्याला नेलीस आणि आता सगळी खोलून बाल्कनीत मांडली आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. तू पाठवलेले फोटोही पाहिले. घरातल्या कुणाला तरी त्या गाडीचा लळा लागला याचा मला फार आनंद आहे. पण 'मामा, सगळं क्रोम नवं, चासीला पावडर कोटिंग, गाडी शोरूममधून आणल्यासारखी करतो,' हे तुझं वाक्य वाचलं आणि पत्रच लिहायला घेतलं.

मला एवढंच सांगायचं आहे: आधी धातू निरोगी कर, चकाकीचं नंतर बघ, आणि जे मूळचं टिकलं आहे ते तसंच राहू दे. म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात 1961 पासून या गाड्या बनू लागल्या, 1973 पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखानाच बंद झाला. आपल्या टाकीवर 'जावा' आहे, म्हणजे गाडी सुरुवातीच्या वर्षांतली. तो रंग, ते क्रोम आज कुठल्याही दुकानात मागून मिळायचं नाही.

म्हणून कामाला हात घालण्याआधी सुट्या भागांचे तीन ढीग कर. नुसते साफ करायचे ते एकीकडे, घरी दुरुस्त करायचे ते दुसरीकडे आणि कारागिराकडे द्यायचे ते तिसरीकडे. पहिला ढीग सगळ्यांत मोठा झाला, तर तुझी नजर तयार झाली असं समज.

क्रोमचंच बघ. चमकणारा वरचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंज अडवण्याचं खरं काम त्याच्या खालचं निकेल करतं, आणि ते कित्येक पट जाड असतं. हँडलवर आणि सायलेन्सरवर जे तपकिरी ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा बारीक छिद्रांतून वर आलेल्या गंजाचे असतात. आजूबाजूचा थर शाबूत असतो. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरव. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही आणि गंज मात्र निघून येतो. मग कोरडं पुसून वॅक्स लाव. पापुद्रे सुटले असतील, लोखंड उघडं पडलं असेल, तेवढेच भाग प्लेटिंगला दे. देताना सांग की बफ जपून मारा. नाहीतर कडा गोल होतात आणि ठशातली अक्षरं बुजतात. स्प्रिंगा, ॲक्सल आणि हाय टेन्साइल बोल्ट मात्र तिकडे देऊच नकोस. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच काही तास 200 अंशांच्या आसपास भट्टीत ठेवलं तर तो निघतो, पण ही काळजी सगळीकडे घेतली जात नाही. चकचकीत ॲक्सल रस्त्यात तुटण्यापेक्षा काळपट ॲक्सल परवडला.

स्टँड, टूलबॉक्स, क्लॅम्प असल्या गंजक्या लोखंडी भागांसाठी प्लॅस्टिकची बादली, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर पुरे. चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर सोडा. चार्जरची ऋण वायर आपल्या भागाला, धन वायर साध्या लोखंडाच्या तुकड्याला, आणि दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. तुकडा स्टेनलेसचा चालणार नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून काम उघड्यावर आणि विडी-काडीपासून लांब. काही तासांनी भाग बाहेर काढलास की लाल गंजाची काळी भुकटी झालेली दिसेल. ब्रशने ती निघते आणि खालचं निरोगी लोखंड जागचं हलत नाही. भाग धुऊन, वाळवून लगेच प्रायमर मार; उघडं लोखंड पावसाळी हवेत तासाभरात लालसर पडतं. ॲल्युमिनियम आणि क्रोमचे भाग या बादलीत कधीच टाकू नकोस.

इंजिनचे ॲल्युमिनियमचे साइड कव्हर हातानेच घास. 400, 800, 1200 असे पॉलिश पेपर, पाणी सोडत. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदल. आधीची रेघ आडवी दिसत राहते आणि ती पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. शेवटी कापडाने मेटल पॉलिश.

ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटा जुन्या असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारायची नाही, कोरडं घासायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. टाकीला वेल्डिंग लागलं तर ते जाणकाराकडेच. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ कोंडलेली असते. टू-के पेंटचा स्प्रे बाल्कनीत नको. त्यातलं हार्डनर फुप्फुसाला घातक आहे, आणि शेजारी लहान मुलं आहेत.

पावडर कोटिंगचा थर साध्या रंगापेक्षा बराच जाड बसतो. त्याखाली चासी नंबर पुसट झाला तर आरटीओत उत्तर द्यावं लागेल. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, ती मूळ रूपात राखलेली असेल आणि चासी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. कायद्यालाही मूळपण मोलाचं वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता टाकी. बाजूचं क्रोम आणि वरचा मरून रंग जिथे भेटतात तिथली सोनेरी रेघ उन्हात, तिरप्या नजरेने बघ. पेट्रोलच्या झाकणाकडे ती किंचित जाड होते आणि पुढे पुन्हा बारीक. ब्रश टेकवताना कुणाच्या तरी हाताने दिलेला तो दाब आहे. मागच्या बाजूला, दादांची मांडी घासून, ती फिकट झाली आहे. त्या जागी स्टिकर लावलास तर रेघ सरळ येईल, पण या दोन्ही खुणा पुसल्या जातील. टाकी आतून सायट्रिक ॲसिडने साफ कर, सोड्याच्या पाण्याने धू, वाळव. बाहेरून फक्त पॉलिश.

आणि एक वही ठेव. कुठला भाग काढला, काय लावलं, कुठला रंग मारला, तारखेसह लिही. काढलेले जुने बोल्ट, वॉशर चिठ्ठी लावून डब्यात राहू देत. तुझ्यानंतर ही गाडी कुणीतरी उघडणारच आहे. त्याला तुझं काम उलगडून मूळ गाडीपर्यंत पोचता आलं पाहिजे. सिलिंडर बोअर करायची वेळ आली तर घेऊन इकडे ये, उद्यमनगरात आपला लेथवाला अजून काम करतो.

तुझ्या आईला आशीर्वाद सांग. ढीग मांडून झाले की फोटो पाठव, आणि तोवर टाकीला पॉलिश पेपर लावू नकोस.

तुझा,
मामा