तिसरी तार

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांवर बहुतेक थर्मोकपलच असतो. पीटी-शंभर या प्लॅटिनमच्या सेन्सरशी माझी खरी गाठ पडते ती निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत. शून्य अंशाला शंभर ओहम, पुढे दर अंशाला जेमतेम ०.३८५ ओहमची वाढ. एवढ्याशा फरकावरून तापमान ओळखायचं, आणि मध्ये शंभर मीटर तांब्याची केबल. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा जाऊन-येऊन रोध होतो सुमारे २.४ ओहम. दोनच तारा जोडल्या तर कंट्रोलर तोही सेन्सरचाच धरतो आणि सहा अंश जास्त दाखवतो.

सल्फायटेशननंतरचा रस १०२ ते १०५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. पडद्यावर १०३ दिसले की वाफ कमी केली जाते. रस खरा असतो ९७ वर. त्यातली हवा निघत नाही, क्लॅरिफायरमध्ये गाळ नीट बसत नाही, आणि बोल लागतो रसात घातलेल्या चुन्याला.

“मामा, नवी केबल कशाला? सहा वजा घाला की,” असं पोरं म्हणतात. मला ही वजाबाकी पटत नाही. तांब्याचा रोधही अंशागणिक ०.३९ टक्के वाढतो. डिसेंबरच्या पहाटे घातलेला आकडा मार्चच्या दुपारी, वीस अंशांनी जास्त तापलेल्या केबलला लागू पडत नाही; अर्धा अंश तिथंच जातो. गंजत चाललेलं टर्मिनल तर त्या आकड्याला कळतच नाही.

प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजण्याची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८७१ साली मांडली. तीन तारांची जोडणीही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. सेन्सरच्या एका टोकाला दोन लाल तारा, दुसऱ्याला पांढरी. दोन लालांवरून कंट्रोलर केबलचा रोध सतत जोखतो आणि वजा करतो. केबल तापली की वजाबाकीही बदलते. अट एकच, तारा सारख्या हव्यात. एका स्क्रूवर ०.४ ओहम चढला की एक अंश गेला. आणि तिसरी कोर नाही म्हणून पॅनेलमध्येच जंपर मारलेला दिसला की मला राग येतो. केबलचा रोध तसाच राहतो, फक्त कंट्रोलर तक्रार करायचा थांबतो.

म्हणून गाळपाआधी मी हेडवर सेन्सर सोडतो, तिन्ही तारा एकत्र पिळतो आणि पॅनेलकडून सोडवलेल्या टोकांवर तिन्ही जोड्या मोजतो. एखादी वेगळी आली, तर लग कापून नवा दाबायचा आणि पुन्हा मोजायचं.