रावेतची नानकटाई आणि अम्मीची ‘रुचिरा’

गेल्या वर्षीचा रमजान संपत आला होता. धाकट्या बहिणीचा फोन आला, “आपा, ईदच्या ऑर्डरी अंगावर आल्यात. दोन दिवस येऊन राहा.” मी पिशवी भरली आणि लोणावळा लोकलने आकुर्डी स्टेशनवर उतरले. तिथून रिक्षाने रावेत.

माझ्या लहानपणी रावेत म्हणजे पवनेकाठचं शेतीचं गाव होतं. 1997 साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि मग बघता बघता उंच इमारतींनी भरून गेलं. जुन्या गावठाणातली घरं अजून आहेत, पण त्यांच्या मागे पंधरा-वीस मजल्यांची रांग उभी आहे. पवनेवर कमानींचा मोठा पूल झालाय. टोपलीच्या कडीसारख्या त्या कमानी, म्हणून सगळे त्याला बास्केट ब्रिज म्हणतात. बाहेरून आलेली मंडळी फोटो काढतात तो हा पूल. पण शहराचा जीव आहे तो नदीवरच्या बंधाऱ्यात. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी इथे उचलतात, निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग ते घरोघरच्या नळाला येतं. अब्बा आम्हाला सांगायचे, “तुमच्या घागरीतलं पाणी रावेतचं आहे.”

बहीण सातव्या मजल्यावर राहते. लिफ्टचं दार उघडलं आणि वेलचीचा वास आला. घर विचारावं लागलंच नाही.

मेहुण्यांची चाकणच्या एका कारखान्यातली कंत्राटी नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली. आता ते मिळेल ते काम करतात. घराचा हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हापासून बहिणीने ओटीजी घेतला, अन्न सुरक्षेची नोंदणी केली, तो 14 आकडी क्रमांक डब्यांवर छापून घेतला आणि घरूनच केक, बिस्किटं, नानकटाई विकायला सुरुवात केली. सोसायटीत आणि आजूबाजूला असं काम करणाऱ्या आणखी दोघी-तिघी आहेत. मोठी ऑर्डर आली की एकमेकींच्या मदतीला येतात. त्या दिवशीही दोघी डबे भरायला आल्या होत्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या ताई तर रोजच्याच.

ताईंचं येणं मला फार आवडलं. रोज्यात बहिणीला चव घेता येत नाही. साखर कमी पडली का, मिठाची कणी लागतेय का, हे बघायचं कोणी? ताई पूर्ण महिनाभर दुपारी चारला येतात, पहिल्या घाण्यातला एक तुकडा तोंडात टाकतात आणि मान डोलावतात. मग पुढचा ट्रे आत जातो.

ओट्यावरच्या फळीवर जाड पुठ्ठ्याचं एक जुनं पुस्तक होतं. पाठीला कापडाची पट्टी, पानांना तेला-तुपाचे डाग. अम्मीची ‘रुचिरा’. डबे भरणाऱ्या एकीने ती पाहिली मात्र, हातातलं काम बाजूला राहिलं. “अय्या, ही तर आमच्या आईकडे होती!”

मग गप्पा निघाल्या. तिच्या आईला साताऱ्याहून लग्नात मिळालेली ‘रुचिरा’. नव्या नवरीला ती भेट द्यायची पद्धतच होती. दुसरी म्हणाली, तिची मोठी बहीण परदेशी जाताना बॅगेचं वजन वाढलं म्हणून दोन साड्या काढून ठेवल्या, पण पुस्तक ठेवलं नाही. तिच्या आईने ओव्हन कधी पाहिला नव्हता. ती कुकरमध्ये वाळू पसरायची, शिट्टी काढून ठेवायची आणि मंद आचेवर केक भाजायची. केकला खालून जरा करप लागायची. “तो करपलेला थर मी आणि भाऊ भांडून खायचो,” ती सांगत होती.

ज्यांचं हे पुस्तक, त्या कमलाबाई ओगले सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. जन्म 1913 चा. कुंडल म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचं गाव. त्याच वाडीतून 1930 साली ‘स्त्री’ मासिक सुरू झालं. कमलाबाईंची शाळा चौथीतच सुटली. स्वयंपाक शिकल्या त्या लग्नानंतर, सासूबाईंच्या हाताखाली. आणि 1970 साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, किर्लोस्कर प्रकाशनाने त्यांचं ‘रुचिरा’ छापलं. लाखाहून जास्त प्रती खपल्या. 1999 साली कमलाबाई गेल्या, पण पुस्तक आजही दुकानात मिळतं.

आमची मरहूम अम्मी मिरजेची. तीही चौथीपर्यंतच शिकलेली. लग्न होऊन ती पिंपरीला कामगारांच्या चाळीत आली, तेव्हा शेजारी एक काकू होत्या. अम्मीने त्यांना पुरणपोळीचं प्रमाण विचारलं. काकूंनी ‘रुचिरा’ वाचायला दिली आणि पुढे गाव सोडताना तीच प्रत अम्मीच्या हातात ठेवून गेल्या. आमच्या घरचं सालन, बिर्याणी, शिरखुर्मा यासाठी अम्मीला पुस्तक लागत नव्हतं, ते दादीकडून आलेलं. पण शेजारणीच्या घरचं रांधायला ती या पुस्तकातून शिकली. लिहिणारी बाई चौथी शिकलेली आहे हे तिला कोणीतरी सांगितलं, त्या दिवशी ती बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. नंतर पेन मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या पानावर स्वतःची नानकटाई लिहून काढली. अम्मीच्या हातचं लिहिलेलं आमच्याकडे तेवढं एकच पान आहे.

ती नानकटाई आमच्या ईदची. घरी ओव्हन नव्हता. पीठ मळून, गोळे वळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून आम्ही ते बेकरीच्या भट्टीवर न्यायचो. ईदच्या आधी तिथे रांग लागायची. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कोणी वर बदाम लावायचं, कोणी चारोळी. अम्मी चमच्याच्या दांड्याने प्रत्येकीवर फुली काढायची.

‘रुचिरा’चं मोठेपण काय, असं मी त्या दुपारी विचारलं. डबे भरणाऱ्या दोघी एकदमच म्हणाल्या, “वाटी!” आधीच्या बायका म्हणायच्या अंदाजाने घाल, चिमूटभर टाक, हाताला कळतं. ज्या हाताला अजून कळत नाही, त्याने काय करायचं? कमलाबाईंनी वाटी आणि चमच्यात माप सांगितलं. वाटी प्रत्येक घरात असते. एकच वाटी सगळ्याला वापरली की लहान असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाही. आता या मुली वजनकाट्यावर ग्रॅम मोजतात आणि बेकिंगला तेच बरं आहे. मैदा दाबून भरला तर वाटीत जास्त मावतो, आणि वाटीभर पिठीसाखर वाटीभर साध्या साखरेपेक्षा हलकी भरते. पण काट्याची सवय लागायच्या आधी मोजायची सवय लागावी लागते. ती या घरांना कमलाबाईंनी लावली.

बहीण म्हणाली, “रोज्यात तर मला ते रोज पटतं. जीभ बंद. सगळी भिस्त मापावर.”

चार वाजले. ताई आल्या. हातात स्टीलचा डबा होता. जरा लाजतच त्यांनी झाकण काढलं. आत नानकटाई होती, पण पसरून चपटी झालेली, कडा करपलेल्या. “भाभी, तुम्ही सांगितलं तसंच घेतलं हो सगळं. दोनदा केली. माझाच हात वाईट दिसतोय. दिवाळीला दोन-चार ऑर्डरी घ्याव्यात म्हणत होते, पण हे कोण घेणार?”

बहीण काही बोलली नाही. डब्यांना चिकटपट्टी लावत राहिली. ताईंनी आमच्या घाण्यातला तुकडा खाल्ला, “झकास,” म्हणाल्या आणि गेल्या.

इफ्तारनंतर आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. मी विचारलं, “तू त्यांना काय सांगितलं होतंस?”

“प्रमाण खरं सांगितलं, आपा. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे रवा, चिमूट सोडा, वेलची. एक शब्द खोटा नाही.” थोडं थांबून म्हणाली, “तूप थिजलेलं घ्यायचं, तेवढं नाही सांगितलं.”

मला कळलं. मार्चच्या उन्हात पुण्याकडे तूप डब्यातच पातळ होतं. थिजलेलं तूप साखरेबरोबर फेसलं की पांढरं, हलकं होतं, त्यात हवा धरली जाते आणि नानकटाई आपला आकार ठेवून फुलते. पातळ तुपात हवा धरत नाही. ओव्हनच्या उष्णतेने ती पसरते. प्रमाण तंतोतंत, आणि पदार्थ फसलेला.

मी तिला रागावले नाही. रागावणार कशी? “आधीच तीन जणी आहोत,” ती म्हणाली. “चौथी आली तर माझ्या हप्त्याचं काय? त्यांच्या घरी दोन पगार आहेत.” हे सगळं खरं होतं. पण तिचा आवाज खाली गेला होता. जी बाई महिनाभर रोज येऊन आपली जीभ तिला उसनी देत होती, तिलाच तिने अर्धं माप दिलं होतं.

मी फळीवरून पुस्तक काढलं आणि मागचं पान उघडलं. अम्मीची ठसठशीत, जरा वाकडी अक्षरं. नानकटाई. तूप 1 वाटी. आणि पुढे दोनदा अधोरेखित करून, थिजलेले, पातळ नव्हे. बहिणीला ते पान पाठ होतं. तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अम्मीने खाली रेघा कोणासाठी मारल्या असतील? तिला तर माहीतच होतं.”

आम्ही दोघी गप्प झालो. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच कोणी रेघ मारतं. ज्या पुस्तकाच्या पाठीवर तिने हे लिहिलं, त्या पुस्तकाची कर्तीही तशीच. सगळा हातखंडा तिने लाखभर अनोळखी बायकांना वाटीने मोजून दिला. एकजरी युक्ती मागे ठेवली असती, तर ठिकठिकाणच्या किती नव्या नवऱ्या आपलाच हात वाईट म्हणून रडत बसल्या असत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने फ्रीजमधून थिजलेल्या तुपाची वाटी काढली आणि ताईंच्या घरी गेली. तासाभराने परतली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “सांगितलं. आणि आधी का नाही सांगितलं, तेही सांगितलं.” चारला ताई नेहमीसारख्या चव बघायला आल्या.

संध्याकाळी मी परत निघाले. रिक्षा पुलाच्या बाजूने वळून आली. खाली पवना संथ होती. बंधाऱ्याकडे बघताना अब्बांची घागर आठवली.

गोष्ट इथेच गोड करून संपवता आली असती, पण खरं ते सांगते. दिवाळीत ताईंनी ऑर्डरी घेतल्या आणि बहिणीच्या काही कमी झाल्या. तिने ते माझ्यापासून लपवलं नाही. डिसेंबरात एक मोठी ऑर्डर एकटीला झेपेना, तेव्हा दोघींनी मिळून केली. यंदाच्या रमजानातही दुपारी चारला ताई येतात, तुकडा तोंडात टाकतात आणि मान डोलावतात. मग पुढचा ट्रे आत जातो.